शालेय भित्तिचित्रण

शालेय भित्तिचित्रण : शाळेच्या भिंतीवर विद्यार्थी व व्यावसायिक चित्रकार यांनी मिळून केलेले चित्रण. भिंतीचा पोत, तिच्यावर पडणारा प्रकाश व तिच्यासमोरून होणारी ये-जा यांचा विचार करूनच या चित्राची योजना करावी लागते. त्यामुळे चौकटीत बसवून टांगलेल्या चित्राहून त्याचे स्वरूप मुळातच भिन्न असते. शिवाय येथे चित्राचा कर्ता व त्याचा नित्याचा प्रेक्षक एकच, म्हणजे विद्यार्थी, असावा अशी अपेक्षा असते. व्यवहारात ती क्वचितच पुरी होते. रंगाऱ्याकडून छापील तक्ते भिंतीवर मोठे करून उतरवून घेतले, तरी त्यांनाही भित्तिचित्रे म्हणण्याचा प्रघात पडला आहे.

महाराष्ट्रात विद्यार्थ्यांचा भित्तिचित्रांशी संबंध प्रथम आला तो प्रतिकृतींच्या निमित्ताने. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 ते 1885 या काळात विद्यार्थ्यांच्या साहाय्याने अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. त्यांपैकी अनेक पुढे लंडन येथे आगीत नष्ट झाल्या. या कामात विद्यार्थ्यांचा हात तयार झाला, पण विषय व रचना यांची निवड त्यांच्याकडे नव्हती. ती संधी काही प्रमाणात ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकीर्दीत मिळाली. त्यांनी 1920 च्या सुमारास, गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या पाठिंब्याने, याच संस्थेत भित्तिचित्रणाचा वर्ग चालविला. लंडनजवळील वेम्बली येथे 1924 साली भरलेल्या प्रदर्शनातील भारतीय दालनाची सजावट व त्या दशकाच्या अखेरीस नवी दिल्लीच्या सचिवालयातील चित्रण ही या परंपरेतील कामे होत. मात्र ती शासकीय व प्रदर्शनीय वास्तूंसाठी होती. सामान्य शाळेच्या भिंतीपर्यंत ही चळवळ पोहोचली नाही.

शांतिनिकेतनात नेमके याच्या उलट घडले. तेथे नंदलाल बोस व त्यांचे सहकारी यांनी विद्यार्थी जेथे राहत व शिकत त्याच इमारतींच्या भिंती चित्रणासाठी घेतल्या. बिनोदबिहारी मुखर्जी यांनी हिंदी भवनात मध्ययुगीन संतांच्या जीवनावर केलेले विस्तीर्ण चित्रण (1946-47) विद्यार्थ्यांच्या मदतीने पुरे झाले. ओल्या गिलाव्यावर रंग लावण्याच्या पद्धतीत रोज जेवढे रंगविता येईल तेवढाच गिलावा सकाळी करावा लागतो व तो सुकण्यापूर्वी काम संपवावे लागते. गुरू व शिष्य यांना खांद्याला खांदा लावून काम करण्यास हे तंत्रच भाग पाडते. मेक्सिकोमध्येही शिक्षणमंत्री होसे वास्कोन्सेलोस यांच्या प्रेरणेने 1922 पासून राष्ट्रीय पूर्वतयारी विद्यालयाच्या भिंती द्येगो रिव्हेरा, होसे क्लेमेंते ओरोस्को आदी चित्रकारांकडे सोपविण्यात आल्या. तेथील विद्यार्थी मात्र प्रेक्षकच राहिले, आणि त्यांतील काहींनी चित्रांची मोडतोडही केली. ज्या भिंतीबाबत आपल्याला कोणी विचारले नाही, ती भिंत मुलांना आपली वाटत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

ग्रामीण महाराष्ट्रात भिंत रंगविणे ही गोष्ट नवी नाही. ठाणे-पालघर भागातील वारली घरांत गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिला जातो. हे काम परंपरेने सुवासिनींचे. जिव्या सोमा म्हसे (1934–2018) यांच्यामुळे ही शैली जगभर पोहोचली. पुढे ती शेकडो शाळांच्या भिंतींवरही आली. परंतु जेथे वारली वस्ती नाही, अशा जिल्ह्यांतही तीच वर्तुळे व तेच त्रिकोण साच्याने उमटू लागले. विदर्भातील शाळेच्या कुंपणावर तारपा नाच रंगविण्यात गैर काही नाही. पण त्या गावातील दंडार नाचणारा माणूस तेथे का नसावा, हा प्रश्न उरतोच.

एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी ‘विन्यास’ या संस्थेने युनिसेफच्या साहाय्याने शाळेची इमारत हेच शिक्षणसाधन मानणारी ‘बाला’ संकल्पना मांडली. दाराच्या उघडझापेत कोन दाखविणे, भिंतीवर उंची मोजण्याची पट्टी रंगविणे यांसारख्या तिच्यातील कल्पना अतिशय चतुर आहेत. जिल्हा परिषदांच्या शाळांत ‘बोलक्या भिंती’ या नावाने असे काम पसरले, व 2023-24 मधील ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ या अभियानाने शाळांच्या सजावटीस स्पर्धेचे रूप आले. स्पर्धेची मुदत थोडी असल्यास काम रंगाऱ्याकडे जाते. तोही कसबी कारागीर असतो. मात्र त्या घाईत मुलांना वाव राहत नाही.

सहभागी चित्रणाची सुरुवात रंगापासून होत नाही. प्रथम मुले गावात हिंडून पाहतात, वडीलधाऱ्यांना विचारतात व कागदावर भरपूर रेखाटने करतात. त्यांतून निवड करणे व विखुरलेल्या आकृत्यांना एका रचनेत बांधणे हे चित्रकाराचे खरे काम. मुलाची वाकडी रेघ ‘सुधारण्याचा’ मोह त्याने आवरावा लागतो. जुळविलेल्या आराखड्यावर चौकोन आखून तेवढेच मोठे चौकोन भिंतीवर पाडतात. त्यासाठी काव लावलेली दोरी ताणून झटकली, की सरळ रेघ उमटते. खालचा पट्टा लहान मुलांकडे, वरचा मचाणावरून मोठ्यांकडे, अशी वाटणी सोयीची ठरते. नव्या सिमेंटच्या गिलाव्यात अल्कली असल्याने तो सुमारे 4 आठवडे सुकू द्यावा लागतो. पायथ्याकडून ओल चढून लोणा लागत असेल, तर आधी त्याचा बंदोबस्त हवा. अन्यथा उत्तम रंगही वर्ष-दोन वर्षांत पापुद्र्यांनी सुटतो. बाहेरील भिंतीस पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग योग्य. तैलरंगाचा थर ओल कोंडून धरतो.

विषयाचे महत्त्व किती, हे भंडारा जिल्ह्याच्या उदाहरणावरून कळते. पवनी तालुक्यातील गोसीखुर्द येथे वैनगंगेवरील धरणाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी झाली. 2008 मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. जलाशयामुळे भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील अनेक गावे उठली. पुनर्वसित गावठाणात द्यावयाच्या नागरी सुविधांत प्राथमिक शाळेचा समावेश असतो. अशी नवी शाळा बांधून मिळते, तेव्हा तिच्या भिंती कोऱ्या असतात. आणि तिच्यात शिकणाऱ्या लहान मुलांनी जुने गाव पाहिलेलेही नसते. नदीचा घाट, धानाची बांधी, देवळापुढचा पार, घरांची रांग हे सारे आजी-आजोबांच्या सांगण्यातून कागदावर व मग भिंतीवर उतरविता येण्याजोगे आहे. येथे आठवणी जुळत नाहीत, कोणाचे घर कोठे होते यावर वादही होतात. चित्रकाराने ते मिटविण्याची घाई करू नये. त्या वादांतूनच चित्राचा नकाशा बनतो. झाडीपट्टीतील नाटकांचे पडदे रंगविणारे स्थानिक कलावंत अशा कामास दूरच्या चित्रकारापेक्षा अधिक जवळचे ठरतील, कारण मोठ्या पृष्ठभागावर झपाट्याने काम करण्याची त्यांना सवय असते.

देखभालीचा विचार सहसा कोणी करीत नाही. शाळेला नवा रंग देण्याची वेळ आली, की भित्तिचित्रावर सरसकट चुना किंवा डिस्टेंपर फिरतो. यासाठी रंगांची नावे, मूळ आराखडा व छायाचित्रे शाळेच्या दप्तरी ठेवावीत. चित्र राखावे की पुसून नव्या तुकडीस भिंत मोकळी करून द्यावी, याचा निर्णय शाळा व्यवस्थापन समितीने मुलांना विचारून घ्यावा. दोन्ही मार्ग योग्य असू शकतात.