दवाखान्याबाहेरची प्रयोगशाळा

नागपूरहून छिंदवाड्याचा रस्ता धरला की चाळीसेक किलोमीटरच्या आत सावनेर येते. संत्र्याच्या बागा, कपाशी, कोळशाच्या खाणी, मँगनीज आणि खापरखेड्याचे औष्णिक वीज केंद्र, असे सगळे या एका तालुक्यात नांदते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे, म्हणजे नागपूरकरांच्या ‘मेडिकल’चे, ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र याच सावनेरात आहे. एमबीबीएसची शेवटची परीक्षा आटोपलेले इंटर्न इथे येतात. त्यातल्या अनेकांना ही पोस्टिंग म्हणजे पीजीच्या अभ्यासासाठी मिळालेली सवड वाटते. हे केंद्र चालवतो तो महाविद्यालयाचा जनऔषधवैद्यकशास्त्र विभाग. नाव एवढे जड की रुग्णाला तो कधी माहीतच होत नाही.

शल्यचिकित्सा किंवा बालरोग विभागाला वॉर्ड असतात, खाटा असतात. सार्वजनिक आरोग्याच्या विभागाचा वॉर्ड म्हणजे गाव. याचे कारण शाळेतल्या अपूर्णांकात आहे. रुग्णालयात कावीळ झालेले चाळीस रुग्ण आले, तर तो झाला अंश. पण ते चाळीस जण किती लोकांमधून आले? दवाखान्याची पायरी न चढलेले किती? हा छेद रुग्णालयाला कधीच सापडत नाही. तो शोधायला घरोघरी जावे लागते, माणसे मोजावी लागतात आणि सहा महिन्यांनी पुन्हा त्याच दारात उभे राहावे लागते. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने 1916 मध्ये सार्वजनिक आरोग्याचे स्वतंत्र विद्यालय काढले, कोलकात्याची अखिल भारतीय संस्था 1932 मध्ये उभी राहिली, आणि 1946 च्या भोर समितीने प्रत्येक डॉक्टरला प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचे शिक्षण मिळावे असा आग्रह धरला. या सगळ्यामागे छेद मोजण्याचीच निकड होती.

छेद मोजला की काय दिसते, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण विदर्भातलेच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे मेडिकलचेच विद्यार्थी. जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन ते गडचिरोलीत परतले. तिथल्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची त्यांनी तपासणी केली. दवाखान्यात आलेल्यांची नव्हे, गावात राहणाऱ्यांची. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आला: 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक एक ना एक आजार होता आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या 8 टक्के. रुग्णालयाच्या रजिस्टरवरून हा आकडा शंभर वर्षांतही निघाला नसता.

गडचिरोलीतले हे काम एका दांपत्याच्या जिद्दीवर उभे राहिले. नागपुरात दुसऱ्या वळणाचे काम सुरू झाले. डॉ. अर्चना पटेल यांच्या नेतृत्वाखालील लता मेडिकल रिसर्च फाउंडेशन ही संस्था माता आणि बालकांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या एका ‘ग्लोबल नेटवर्क’मध्ये होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पाठबळावर हे जाळे चालायचे, आणि नागपूर केंद्राच्या तिकडच्या भागीदार होत्या बोस्टन विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयातील डॉ. पॅट्रिशिया हिबर्ड. कर्नाटकातील बेळगाव, तसेच केनिया, झांबिया, ग्वाटेमाला, पाकिस्तान इथेही अशीच केंद्रे होती. कामाचा पाया म्हणजे एक नोंदवही. पूर्व विदर्भातील ठरावीक ग्रामीण भागात गर्भवती राहिलेल्या प्रत्येक स्त्रीची शक्य तितक्या लवकर नोंद करायची आणि बाळंतपणानंतरच्या 42 व्या दिवसापर्यंत तिची आणि बाळाची विचारपूस करायची. बाळंतपण सरकारी दवाखान्यात होवो, खासगीत होवो, की माहेरच्या घरी.

ही नोंदवही किती मोलाची आहे, हे एका फसलेल्या प्रयोगाने दाखवले.

दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्या तर आईला डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. त्याने पोटातल्या बाळाची फुप्फुसे लवकर पक्व होतात. मोठ्या रुग्णालयांत या उपायाने असंख्य बाळे वाचली होती. इंजेक्शन स्वस्त, द्यायला सोपे. मग तेच खेड्यात, उपकेंद्रावर का देऊ नये? भारत सरकारने 2014 मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वेही काढली: मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी नर्सताईंनी पहिला डोस द्यावा. बाकी कुणीही हाच निर्णय घेतला असता.

त्याच वेळी नागपूर आणि बेळगावसह सहा देशांतल्या केंद्रांवर हा उपाय गावपातळीवर तपासला जात होता. काही भागांत आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण आणि इंजेक्शने दिली, काही भागांत नेहमीची सेवा चालू ठेवली. सुमारे एक लाख बाळंतपणांचा हिशेब लागल्यावर जे दिसले ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. अगदी कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू म्हणावे तसे घटलेच नाहीत. उलट सगळी बाळे मिळून पाहिली, तर 28 दिवसांच्या आत दगावणाऱ्यांचे प्रमाण नेहमीच्या सेवेत हजारी 23.9 आणि इंजेक्शनच्या भागात हजारी 27.4 होते. म्हणजे हजारी साडेतीन मृत्यू जास्त. ज्या स्त्रियांना इंजेक्शन मिळाले, त्यातल्या बहुतेकींची बाळे कमी वजनाची निघालीच नाहीत, कारण गर्भ नक्की किती आठवड्यांचा हे गावात नीट कळत नव्हते. शिवाय अशक्त बाळांच्या मातांमध्ये जंतुसंसर्गाचे प्रमाणही वाढलेले दिसले. हजारात साडेतीनचा फरक एका डॉक्टरला आयुष्यभराच्या अनुभवातही जाणवला नसता. त्यासाठी लाखाचा छेद हवा होता.

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये अटी घातल्या: गर्भाचे वय खात्रीने माहीत असेल, आईला संसर्ग नसेल आणि बाळाची काळजी घेण्याची सोय असेल, तरच हे इंजेक्शन द्यावे. पुढे भारतासह पाच देशांतल्या 29 रुग्णालयांत, सोनोग्राफीने वय ठरवून, पुन्हा चाचणी झाली. 2020 मध्ये तिचा निकाल आला. तिथे त्याच डेक्सामेथासोनने बाळांचे मृत्यू 23.5 टक्क्यांवरून 19.6 टक्क्यांवर आणले. औषध तेच, ठिकाण वेगळे, उत्तर उलटे.

नागपूरच्या गावांनी दिलेली सगळीच उत्तरे अशी कटू नाहीत. पहिलटकरणींना रोज 81 मिलिग्रॅमची ॲस्पिरिनची गोळी देण्याची चाचणी सहा देशांतल्या 11,976 स्त्रियांवर झाली. यावेळी गर्भाचे वय सुरुवातीलाच सोनोग्राफीने पक्के केले होते. दिवसांआधी होणारी बाळंतपणे 13.1 टक्क्यांवरून 11.6 टक्क्यांवर आली. (ही गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यायची असते.) त्यानंतर, कळा सुरू असताना ॲझिथ्रोमायसिनचा 2 ग्रॅमचा एकच डोस देऊन पाहिला. 2023 मध्ये छापलेल्या निष्कर्षानुसार मातांमधील गंभीर जंतुसंसर्ग किंवा मृत्यू 2.4 टक्क्यांवरून 1.6 टक्क्यांवर आले. बाळांना मात्र त्याचा फायदा दिसला नाही.

या कामाबद्दल एक प्रश्न गावात हमखास विचारला जातो, आणि तो रास्तच आहे: माहिती आमची, शोधनिबंध तुमचा, आम्हाला काय? संमतीपत्रावर सही किंवा अंगठा घेतला की प्रश्न मिटत नाही. निष्कर्ष त्याच गावात, त्याच्या भाषेत परत सांगितला जातो का, हे पाहायला हवे. अनेक अभ्यासांची गाडी इथेच अडते. छापलेला निबंध जगभर वाचला जातो, उपकेंद्राच्या भिंतीवर मात्र त्याचा कागदही लागत नाही.

आणि हा सगळा डोलारा उभा असतो तो आशा ताई आणि नर्स यांनी विचारलेल्या एका साध्या प्रश्नावर: शेवटची पाळी कधी आली होती? तारीख आठवत नसेल तर सणावारांचे कॅलेंडर पुढे ठेवायचे, अशी जुनी पद्धत आहे. पोळ्याच्या आधी की नंतर? मारबत निघाली तेव्हा? कापूस वेचायला लागलात तेव्हा? उत्तरातून तारीख काढायची, तारखेवरून आठवडे. सावनेरसारख्या केंद्रांवर येणाऱ्या इंटर्नला पहिल्या आठवड्यात हेच शिकावे लागते.