गवत मोजणारा गुरांचा विमा

आपल्याकडे गुरांचा विमा म्हणजे कानात बिल्ला आणि जनावर दगावले की पशुवैद्यकाचा दाखला. उत्तर केनियातील मार्साबिट भागात 2010 साली भटक्या पशुपालकांसाठी निराळा विमा सुरू झाला. तिथे मेलेले जनावर पाहायला कोणी येत नाही. उपग्रह चराईची हिरवळ मोजतो. ती ठरलेल्या पातळीखाली गेली की त्या भागातील सर्व विमाधारकांना पैसे मिळतात.

मग लोक हप्ता खुशीने भरतात का? सगळे नाही. तुमचा उंट रोगाने मेला आणि गवत हिरवेच असले, तर हाती काहीच येत नाही. शेजाऱ्याचे असे झालेले पाहिले की कोणाचाही हात आखडतो, आणि त्यात चूक काही नाही. सवलतीची कुपने मिळाली तेव्हा मात्र अधिक लोक पुढे आले.

तुमच्या हवामान आधारित फळपीक विम्यातही मोजणी हवामान केंद्रावर होते, तुमच्या बागेत नव्हे. सही करण्यापूर्वी केंद्र किती लांब आहे आणि भरपाई कोणत्या आकड्याला सुरू होते, हे विचारा. हप्ता म्हणजे बचत नव्हे, तो परत येत नाही. गुरांच्या औषधपाण्याचे पैसे खात्यात वेगळेच ठेवा.