वालधुनीचा मासा नको, पण मासळी सोडू नका

रविवारी वंदना झाल्यावर आम्ही विहारात वजनकाटा आणि बीपीचं मशीन घेऊन बसतो. पाऊस लागला की एक प्रश्न हमखास येतो. या वेळी तो पाचवा महिना चालू असलेल्या एका सुनेने विचारला. तिच्या दिराने पहिल्या पावसात नाल्यावरून वलगणीचे मासे धरून आणले होते. सासू म्हणाली, खा, अंगात रक्त भरेल. शेजारीण म्हणाली, मासळीत केमिकल असतं, सगळीच सोड. "ताई, कुणाचं ऐकू?"

दोघींचंही अर्धं बरोबर होतं.

आधी नदीचं बघू. वालधुनी काकोळ्याच्या डोंगराकडून येते, आपल्या शिवमंदिराला लागून जाते, पुढे उल्हासनगरातून कल्याणला खाडीत मिळते. मधल्या वाटेत कारखान्यांचं पाणी आणि गटारं तिच्यात येतात. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये उल्हासनगरात टँकरमधलं रसायन या नदीत ओतलं गेलं, तेव्हा झोपेतून उठलेली शेकडो माणसं श्वास कोंडून दवाखान्यात गेली होती. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणापायी पालिका, एमआयडीसी आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना मिळून ९५ कोटी रुपये भरायला सांगितले. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तर २००३ सालीच उल्हास खाडीच्या गाळातल्या पाऱ्यावर लिहिलं होतं.

गाळ म्हटलं की आपल्याला वाटतं, तळाशी बसलाय, आपलं काय जातंय? पण गाळातले जंतू या पाऱ्याचं एका जास्त विषारी रूपात रूपांतर करतात. ते शेवाळात शिरतं, शेवाळ बारीक किडे खातात, किडे लहान मासा खातो, लहानाला मोठा. प्रत्येक पायरीला विष साठत जातं. म्हणून मासा जितका मोठा, जितका जुना आणि जितका दुसऱ्यांना खाणारा, तितका पारा जास्त.

जपानमध्ये मिनामाता नावाचं गाव आहे. तिथला चिस्सो कंपनीचा कारखाना १९३२ ते १९६८ पर्यंत पाऱ्याचं पाणी समुद्रात सोडत होता. आधी मांजरं झोकांड्या देऊन मरू लागली. १९५६ साली माणसांच्या आजाराची सरकारी नोंद झाली. हातपाय बधिर, नजर आकुंचन पावलेली, बोलणं अडखळतं. बहुतेक रोगी कोळ्यांच्या घरचे, रोज तोच मासा खाणारे. आमच्यासारख्या बाळंतपणं केलेल्या बायांना यातली एक गोष्ट विसरता येत नाही. आई वरून धडधाकट दिसायची आणि बाळ मेंदूला इजा घेऊन जन्मायचं. पारा वारेतून बाळाकडे जातो.

आपल्याकडे मिनामाता झालंय असं आम्ही म्हणत नाही. पण वाट तीच आहे, एवढं ओळखून राहावं.

आता स्वयंपाकघरातलं. मीठ-हळद लावून, चिंचेच्या पाण्यात ठेवून, तीनदा धुऊन, कडक तळून पारा जात नाही. तो मासाच्या तंतूत बसलेला असतो. डीडीटीसारखी काही रसायनं मात्र चरबीत राहतात. कातडी, पोटाची चरबी, आतडी, काळीज काढून टाकलं तर ती बरीच कमी होतात. आणि लाल कल्ले, चमकदार डोळे म्हणजे मासा ताजा, एवढंच. ताजा म्हणजे स्वच्छ नव्हे. शिजवताना रॉकेलसारखा वास आला तर पातेलं रिकामं करा, पैशाकडे बघू नका.

मग खायचं काय? समुद्राचा लहान मासा. मांदेली, तारली, बांगडा, जवळा, सुकट. हे थोडं जगतात, म्हणून पारा कमी, आणि सुदैवाने आपल्या खिशालाही हेच परवडतात. गरोदर, अंगावर पाजणारी बाई आणि लहान मूल यांना आठवड्यातून दोनदा खुशाल द्या. फक्त खारवलेला मासा बीपी असेल तर नको. मुशी, मोठी सुरमई, मोठा कुपा गरोदरपणी टाळावा. शरीरातला हा पारा निम्मा व्हायलाच साधारण दोन महिने जातात, तेव्हा मूल हवं असेल तर आधीपासूनच सांभाळावं. अंगावरचं दूध मात्र या भीतीने तोडू नका.

वालधुनीचा, नाल्याचा आणि कल्याणकडच्या खाडीतला मासा, निवटी, चिंबोरी, शिंपल्या घरात आणू नका. बाजारात स्वस्त मिळणारा मोठा मांगूर दिसला तर तोही नको. त्या आफ्रिकन मांगुराच्या पालनावर २००० सालापासून बंदी आहे. तो हवेतूनही श्वास घेतो, म्हणून घाणीतल्या तळ्यातही जगतो.

कुणाच्या हातापायाला मुंग्या येतात म्हणून लगेच मासळीवर खापर फोडू नका. आमच्याकडे अशी दहा माणसं आली तर बहुतेकांची साखर वाढलेली निघते. आधी साखर आणि हिमोग्लोबिन तपासा, आणि वालधुनीचा मासा नेहमी खात असाल तर तेही डॉक्टरांना सांगा.

नदीत मेलेले मासे तरंगताना दिसले तर उचलू नका, कोंबड्या-मांजरांनाही घालू नका. तारीख-वेळ येईल असा फोटो काढा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण कार्यालयात लेखी तक्रार द्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका. तोंडी सांगितलेलं कुणाच्या फायलीत जात नाही, हे आम्ही नोकरीत असताना आतून पाहिलंय.

त्या सुनेचं हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. सगळी मासळी सोडून तिला कसं चालेल? लोहाच्या गोळ्या चालू केल्या, वलगणीचे मासे खड्डा करून पुरायला सांगितले. सासूबाई जरा रुसल्या. पुढच्या रविवारी आल्या तेव्हा मात्र म्हणाल्या, मांदेलीचं कालवण केलं होतं, पोरीने दोन भाकरी खाल्ल्या.