महाराष्ट्रातील पथकर

पथकर, म्हणजेच बोलीभाषेतील टोल, ही विशिष्ट रस्ता, पूल किंवा बोगदा वापरण्यासाठी वाहनधारकाकडून घेतली जाणारी रक्कम होय. महाराष्ट्रात राष्ट्रीय महामार्ग, राज्य शासनाचे द्रुतगती मार्ग आणि काही मोठे पूल यांवर पथकर आकारला जातो. लांब पल्ल्याच्या प्रवासात इंधनाखालोखाल हाच खर्च डोळ्यांत भरतो. मोटार लिटरमागे १५ किलोमीटर धावते आणि पेट्रोल १०० रुपये लिटर आहे असे धरले, तर मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरील ९४.५ किलोमीटरसाठी सुमारे ६३० रुपयांचे पेट्रोल लागते. २०२३ च्या दरवाढीनंतर याच अंतराचा मोटारीचा पथकर ३२० रुपये, म्हणजे इंधनखर्चाच्या निम्म्याहून थोडा अधिक झाला. पथकर एवढा का पडतो, याचे उत्तर डांबर आणि काँक्रीटच्या किमतीत अंशतःच सापडते. रस्त्यासाठी पैसा कोठून उभा केला, दरवाढीचे सूत्र काय ठरले आणि वसुलीची मुदत कितीदा वाढली, यांवर तो अधिक अवलंबून असतो.

पार्श्वभूमी

घाटवाटा, नदीचे उतार आणि बाजारपेठांची तोंडे येथे जकात घेण्याची पद्धत जुनी आहे. ‘टोलनाका’ या जोडशब्दातील नाका त्या जकात नाक्याचाच वारस म्हणता येईल. ब्रिटिश काळात १८५१ च्या भारतीय पथकर कायद्याने सार्वजनिक रस्ते व पुलांवरील वसुलीला आधार दिला. स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय महामार्गांसाठी १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा आला. राज्यातील रस्त्यांवरील पथकराच्या अधिसूचना १९५८ च्या मुंबई मोटार वाहन कर कायद्याच्या कलम २० खाली काढल्या जातात.

तरीही विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक रस्ते अंदाजपत्रकातील तरतुदीतूनच बांधले जात. १९९५ मध्ये राष्ट्रीय महामार्ग कायद्यात दुरुस्ती होऊन खासगी गुंतवणुकीला वाट मिळाली आणि १९९६ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाची स्थापना झाली. मुंबईतील उड्डाणपूल आणि मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग ही या महामंडळाची आरंभीची मोठी कामे. त्यांसाठी उभारलेली रक्कम वाहनधारकांकडून वसूल करायची होती. ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ या तत्त्वावर राज्यात अनेक लहान-मोठ्या रस्त्यांची कामेही याच काळात दिली गेली.

राष्ट्रीय महामार्गांवरील दर

राष्ट्रीय महामार्गांवरील दर प्रत्येक नाक्यावर कंत्राटदार आपल्या मनाने ठरवीत नाही. ते २००८ च्या राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियमांनुसार ठरतात. चौपदरी किंवा त्याहून रुंद रस्त्यासाठी २००७–०८ हे आधारवर्ष धरून दर किलोमीटरला मोटारीसाठी ६५ पैसे, हलक्या मालवाहू वाहनासाठी १ रुपया ५ पैसे, बस व ट्रकसाठी २ रुपये २० पैसे आणि मल्टी-ॲक्सल वाहनासाठी ३ रुपये ४५ पैसे असे मूळ दर ठरविण्यात आले. दुपदरी रस्त्यासाठी या दरांच्या ६० टक्के आकारणी होते. म्हणजे ६० किलोमीटरच्या चौपदरी टप्प्याला आधारवर्षातच मोटारीस ३९ रुपये, तर मल्टी-ॲक्सल ट्रकला २०७ रुपये पडत. जड वाहनाच्या भाराने रस्त्याची झीज अधिक होते, हे या फरकामागील मुख्य कारण आहे.

दरवर्षी १ एप्रिलला मूळ दरात ३ टक्के वाढ होते. ही वाढ चक्रवाढ नसून सरळ असते. त्याशिवाय घाऊक किंमत निर्देशांकातील वाढीचा ४० टक्के हिस्सा दरात मिळविला जातो. एप्रिल २००८ ते एप्रिल २०२५ या काळात केवळ ३ टक्क्यांच्या १८ वाढींनीच मोटारीचा ६५ पैशांचा दर एक रुपयावर जातो. निर्देशांकाची भर त्यावर वेगळी. महागाई मंदावली तरी ३ टक्के वाढ थांबत नाही, ही या सूत्रातील लक्षात घेण्याजोगी बाब आहे.

पूल, बोगदे आणि उन्नत मार्ग आले की हिशेब बदलतो. अशा बांधकामाची लांबी दसपट धरून शुल्क काढण्याची पद्धत होती. त्यामुळे अंतर थोडे असूनही डोंगराळ किंवा उड्डाणपुलांच्या टप्प्यावर पथकर फुगत असे. जुलै २०२५ मध्ये या नियमात दुरुस्ती करण्यात आली. बांधकामाची दसपट लांबी व उरलेला रस्ता यांची बेरीज आणि संपूर्ण टप्प्याची पाचपट लांबी, यांपैकी जी कमी असेल ती आता धरली जाते. जिथे टप्प्याचा बहुतांश भाग पूल-बोगद्यांचा आहे, तेथे यामुळे आकारणी निम्म्यापर्यंत उतरू शकते.

खर्च वसूल झाल्यावर पथकर बंद होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. सरकारी निधीतून बांधलेल्या महामार्गावर भांडवली खर्च भरून निघाल्यानंतर दर ४० टक्क्यांवर आणावा, अशी तरतूद २००८ च्या मूळ नियमांत होती. म्हणजे त्या नियमांतही दर उतरणार होता, संपणार नव्हता. तयार रस्त्यावरील वसुलीचे हक्क दीर्घ मुदतीसाठी लिलावात देऊन मिळालेला पैसा नव्या रस्त्यांकडे वळविण्याची पद्धत पुढे रूढ झाली. त्यामुळे एका रस्त्यावरचा वाहनधारक दुसऱ्या रस्त्याचाही खर्च उचलू लागला.

द्रुतगती मार्ग

मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. त्याचा बांधकामखर्च सुमारे १,६३० कोटी रुपये सांगितला जातो. २००४ मध्ये ९१८ कोटी रुपये आगाऊ घेऊन हा मार्ग व जुना मुंबई–पुणे महामार्ग यांवरील वसुली आयआरबी कंपनीकडे १५ वर्षांसाठी देण्यात आली. येथील करारात दरवर्षी ६ टक्के वाढ गृहीत धरून ती दर तीन वर्षांनी एकदम १८ टक्के लागू करण्याची तरतूद आहे. मोटारीचा पथकर २०११ मध्ये १६५, २०१४ मध्ये १९५, २०१७ मध्ये २३०, २०२० मध्ये २७० आणि १ एप्रिल २०२३ पासून ३२० रुपये झाला. राष्ट्रीय महामार्गांवरील ३ टक्के मूळ दरावरच मोजले जातात, तर येथील १८ टक्के मागच्या वाढीसह मोजले जातात. त्यामुळे २०१४ ते २०२३ या नऊ वर्षांत दर सुमारे ६४ टक्क्यांनी चढला.

१५ वर्षांची मुदत २०१९ मध्ये संपली, तेव्हा वसुली थांबेल अशी अनेकांची अपेक्षा होती. माहिती अधिकारातून मिळालेले वाहनसंख्येचे व उत्पन्नाचे आकडे पुढे करून पुण्या-मुंबईच्या कार्यकर्त्यांनी तशी मागणी केली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही गेले. प्रत्यक्षात २०२० मध्ये सुमारे दहा वर्षांसाठी नवा करार झाला आणि त्यापोटी कंपनीने ८,२६२ कोटी रुपये देण्याचे मान्य केले. ही रक्कम मूळ बांधकामखर्चाच्या पाचपट आहे. या टप्प्यावर पथकर हे रस्त्याचे कर्ज फेडण्याचे साधन न राहता महामंडळाच्या पुढील कामांसाठी भांडवल उभारण्याचे साधन झाले होते, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्ग हा नागपूर–मुंबई मार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी, तर इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. मोटारीचा दर आरंभी किलोमीटरला १ रुपया ७३ पैसे होता. १ एप्रिल २०२५ पासून तो २ रुपये ६ पैसे झाला. पूर्ण प्रवासाचे १,४४५ रुपये होतात. किलोमीटरच्या हिशेबाने हा मार्ग मुंबई–पुणे मार्गापेक्षा स्वस्त आहे, पण अंतर मोठे असल्याने एकरकमी कापली जाणारी रक्कम प्रवाशाला जड वाटते. याच्या दुसऱ्या टोकाला शिवडी–न्हावा शेवा अटल सेतू येतो. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या या २१.८ किलोमीटरच्या सागरी सेतूवर मोटारीला एकेरी फेरीसाठी २५० रुपये, म्हणजे किलोमीटरला साडेअकरा रुपयांच्या आसपास दर ठरविण्यात आला.

आंदोलने आणि सवलती

पथकराविरुद्धचा सर्वांत तीव्र लढा कोल्हापुरात झाला. शहरांतर्गत सुमारे ५० किलोमीटर रस्ते खासगी कंपनीकडून करून घेऊन त्यापोटी शहराच्या वेशींवर ३० वर्षे वसुली करण्याची योजना होती. आपल्याच गावात शिरण्यासाठी पैसे मोजावे लागणार, ही गोष्ट नागरिकांना मानवली नाही. ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील व गोविंद पानसरे यांच्या पुढाकाराने सर्वपक्षीय कृती समिती उभी राहिली, प्रचंड मोर्चे निघाले आणि जानेवारी २०१४ मध्ये नाक्यांची जाळपोळ झाली. अखेर डिसेंबर २०१५ मध्ये शासनाने कोल्हापूरचा पथकर रद्द केला. त्याच वर्षी फेब्रुवारीत गोळीबारात जखमी होऊन मृत्यू पावलेले पानसरे हा निर्णय पाहण्यास नव्हते. वेल्समध्ये १८३९ ते १८४३ या काळात शेतकऱ्यांनी स्त्रीवेष धारण करून पथकराची फाटके मोडली होती. तो उठाव ‘रेबेका दंगली’ या नावाने ओळखला जातो. रोजच्या वाटेवरच्या वसुलीने माणूस चिडतो, हे दोन्हीकडे सारखेच दिसते.

महाराष्ट्र नवनिर्माण सेनेनेही २०१२ व २०१४ मध्ये राज्यभर टोलविरोधी आंदोलने केली. २०१४ मध्ये तत्कालीन शासनाने ४४ नाके बंद केले. २०१५ मध्ये पुढील शासनाने १२ नाके बंद करून ५३ नाक्यांवर हलकी वाहने व एस.टी. बस यांना सूट दिली. मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांना पथकर माफ झाला. कंत्राटदारांची भरपाई शासनाला करावी लागत असल्याने अशा माफीचा भार राज्याच्या तिजोरीवर, म्हणजे मुंबईत मोटार कधीही न नेणाऱ्यांवरही पडतो. सूट जाहीर होताना ही बाजू क्वचितच चर्चेत येते.

‘दुहेरी कर’ हा वाहनधारकांचा आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा नाही. राज्यात नवी पेट्रोल मोटार घेताना किमतीनुसार ११ ते १३ टक्के एकरकमी वाहन कर भरावा लागतो, इंधनावर रस्त्यांसाठी उपकर असतो आणि त्यानंतर पथकर येतो. रस्ता खराब असताना वसुली चालू ठेवण्याबाबत न्यायालयांनीही भूमिका घेतली आहे. केरळमधील पालियेक्करा नाक्यावरील वसुली तेथील उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्थगित केली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. दिल्ली–नोएडा उड्डाणमार्गावरील पथकर बंद करण्याचा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा २०१६ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये कायम केला.

फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग बंधनकारक झाला. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींसाठी ३,००० रुपयांचा वार्षिक पास मिळू लागला. तो एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंत चालतो. मुंबई–पुणे द्रुतगती आणि समृद्धी हे मार्ग राज्याचे असल्याने तेथे हा पास लागू होत नाही. या दोन मार्गांवर व अटल सेतूवर विद्युत मोटारींना मात्र ऑगस्ट २०२५ पासून पथकरमाफी आहे.

कळमनुरी परिसरातील स्थिती

हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी हे तालुक्याचे ठिकाण अकोला–वाशीम–हिंगोली–नांदेड या राष्ट्रीय महामार्ग १६१ वर आहे. हाच मार्ग पुढे देगलूरवरून तेलंगणात जातो. तालुक्यातील वारंगा फाटा येथे त्याला तुळजापूर–लातूर–नांदेड–यवतमाळ–नागपूर दिशेचा महामार्ग ३६१ मिळतो. पूर्णा–अकोला लोहमार्ग कळमनुरी शहरातून जात नाही, जवळचे मोठे स्थानक सुमारे २० किलोमीटरवरील हिंगोली हे आहे. त्यामुळे दवाखाना, शिक्षण आणि व्यापार यांसाठी येथील लोकांचा मुख्य आधार रस्ताच राहतो. चौपदरीकरणाने नांदेड व अकोल्याचा प्रवास सुकर झाला, पण चौपदरी रस्ता म्हणजे पूर्ण दराचा पथकरही आला.

नियमांचा परिणाम येथे वाहनागणिक वेगळा दिसतो. दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर व बैलगाडी यांना राष्ट्रीय महामार्गावर पथकर नाही. म्हणून हळद ट्रॅक्टरमध्ये भरून हिंगोली किंवा वसमतच्या बाजारात नेणारा शेतकरी नाक्यावर काही देत नाही. तीच हळद व्यापाऱ्याच्या ट्रकमधून परराज्यात निघाली की दर नाक्याला शुल्क भरत जाते आणि ते भाड्यात धरले जाते. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला खासगी मोटारीसाठी सवलतीचा मासिक पास मिळतो. २०२५–२६ मध्ये त्याचा दर ३५० रुपये होता. एम.एच. ३८ क्रमांकाच्या, म्हणजे हिंगोली जिल्ह्यात नोंदणी झालेल्या व्यावसायिक वाहनाला राष्ट्रीय परवाना नसल्यास जिल्ह्यातील नाक्यावर निम्मा दर लागतो. हेच वाहन वाशीम किंवा नांदेड जिल्ह्यातील नाक्यावर पोहोचले की पूर्ण दर भरते. चोवीस तासांत परतणाऱ्याला दोन्ही फेऱ्यांचे मिळून दीडपट शुल्क पडते, मात्र रुग्णासोबत नांदेडला मुक्काम झाला तर ही सवलत हातची जाते.

मुंबईकडे जाणारी मोटार जालन्याजवळ समृद्धी महामार्गाला लागली, तर पुढे दर १०० किलोमीटरला २०६ रुपये पडतात. जालना–नांदेड हा समृद्धीला जोडणारा द्रुतगती मार्ग नियोजित आहे. पवनार ते पत्रादेवी असा सुमारे ८०२ किलोमीटरचा नियोजित शक्तिपीठ महामार्गही हिंगोली जिल्ह्यातून जाणार असून औंढा नागनाथ हे त्यावरील एक तीर्थस्थान आहे. त्याचा अंदाजित खर्च ८६,३०० कोटी रुपये असून जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने भूसंपादन व नियोजनासाठी २०,७८७ कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली. जमिनी जाण्याच्या भीतीने कोल्हापूरसह अनेक जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी या मार्गाला विरोध केला आहे.