कायदा मतल्यात ठरतो

फिर्दौसीचा ‘शाहनामा’ आणि रामदासांचे ‘मनाचे श्लोक’ यांच्यात सहाशेहून जास्त वर्षांचं अंतर. भाषा वेगळी, विषय वेगळा, चाल मात्र जवळजवळ एकच: लगागा लगागा लगागा लगागा (ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू). फारसीत या वृत्ताला मुतकारिब म्हणतात, संस्कृतात भुजंगप्रयात. शाहनाम्यात शेवटचा गण एका गुरूने तोकडा असतो, एवढाच काय तो फरक. हे कळलं तेव्हापासून या वृत्तात गझल लिहिताना मला परकं वाटेनासं झालं. शाळेत घोकलेल्या श्लोकांनी कान आधीच तयार करून ठेवला होता.

वऱ्हाडात गझल रुजली याचं मला नवल वाटत नाही. 1490 मध्ये अचलपूरला इमादशाही आली. पुढे निजामशाही, मोगल, निजाम अशा राजवटी बदलत गेल्या, पण दरबारची भाषा दीर्घकाळ फारसीच राहिली. अकोला, बाळापूर, अचलपूरच्या मोहल्ल्यांत उर्दू कायमच कानावर पडत आली. मराठी गझलेला आजचं रूप देणारे सुरेश भटही अमरावतीचेच, जन्म 15 एप्रिल 1932. त्यांच्या आधी माधव जूलियन यांनी फारसी वृत्तं मराठीत आणली. त्यांची ‘गज्जलांजलि’ 1933 ची. पण त्यांच्या गज्जला बहुतेक एकाच भावाची सलग कविता असतात. भटांचा आग्रह वेगळा होता. प्रत्येक शेर दोन ओळींची स्वतंत्र कविता असावी आणि भाषा बोलण्यातली असावी. नवोदितांसाठी त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. आमच्याकडे गझलेला हात घालणारा त्या बाराखडीला टाळून पुढे जात नाही.

या सगळ्याचा प्रत्यक्ष लिहिताना उपयोग काय, ते एका मतल्यावरून, म्हणजे गझलेच्या पहिल्या शेरावरून, सांगतो. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे. विहिरी आहेत, पण पाणी खारं. वर कापूस उभा. एवढं दोन ओळींत बसवायचं होतं. पहिली ओळ सहज आली:

विहीरीत या खारपाणीच आहे

टेबलावर बोटं वाजवून पाहिलं, वृत्त चोख. पण मराठीत ‘विहीर’चं ‘विहिरीत’ होतं, ‘ही’ ऱ्हस्व होतो आणि वृत्त मोडतं. पंतकवींनी ही सूट सर्रास घेतली. ऱ्हस्वाचं दीर्घ करणं त्यांच्या काळी चालून जाई. बोलीसारखी भाषा मागणाऱ्या गझलेत ते खटकतं. विहीर सोडली, ‘तळाशी इथे’ घेतलं. दुसरी ओळ ‘वरी पांढरी ही कहाणीच आहे’ अशी होती. ‘वरी’ हा शब्दही जुन्या काव्यातून उसना आलेला. अकोल्याच्या बसस्टँडवर कोणी ‘वरी’ म्हणत नाही. त्या जागी लघु-गुरू असा शब्द हवा होता.

तळाशी इथे खारपाणीच आहे
उभी पांढरी ही कहाणीच आहे

‘उभी’ आली आणि उभं पीक ओळीत आलं. ते माझ्या डोक्यात आधी नव्हतं. जुन्या सवलतीला नकार दिला म्हणून सापडलं.

पुढची अडचण काफियाची, म्हणजे यमकाची. ‘पाणी’ आणि ‘कहाणी’ मतल्यात आले की ‘णी’च्या आधीचा स्वर, म्हणजे ‘आ’ ही अलामत, पक्की होते. मग वाणी, राणी, विराणी, शहाणी चालतात. कापसाची ‘गोणी’ मला फार हवी होती, पण तिच्यात ‘ओ’ आहे. मतल्यात ‘पाणी’बरोबर ‘माती’ घेतली असती, तर फक्त शेवटचा स्वर जुळवणारा स्वरकाफिया झाला असता आणि गोणीलाही दार उघडं राहिलं असतं. म्हणजे कायदा मतल्यात आपणच करायचा आणि पुढे मुकाट पाळायचा. गोणी दुसऱ्या गझलेसाठी ठेवली.

उर्दूत ‘की’, ‘से’, ‘को’ गरजेप्रमाणे ऱ्हस्व उच्चारता येतात. मुशायऱ्यात ते ऐकून आपल्याकडची नवी पोरं तीच सूट मराठीत घेऊ पाहतात. मराठीत ती कानाला बोचते, कारण आपला दीर्घ स्वर पद्यात सहसा दीर्घच राहतो. आपल्या सवलती वेगळ्या आहेत. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू होतं हा नियम खरा, पण ‘तुम्ही’, ‘पुन्हा’, ‘दुसऱ्या’ म्हणून पाहा: मागच्या अक्षरावर आघात येतच नाही, म्हणून ते लघुच राहतं. नियम डोळ्याने लावला तर ‘पुन्हा’ दोन गुरूंचा होतो. कानाने लावला तर लघु-गुरू. अमरावती जिल्ह्यातल्या भीमराव पांचाळे यांच्यासारख्या गायकाने हयातभर गझल गायली. गाताना फाजील मात्रा लपत नाही, म्हणून शेर आधी मोठ्याने म्हणावा.

कानाचा हा निवाडा वऱ्हाडीत आणखी पुढे नेतो. प्रमाण मराठीत ‘पाणी’ला ‘जवानी’ काफिया म्हणून चालत नाही, कारण ण आणि न वेगळे. पण आमच्या बोलीत ‘ण’ फारसा उरलेलाच नाही. मग तोच मतला असा होतो:

तळाशी अठी खारपानीच हाये
उभी पांढरी हे कहानीच हाये

लघु-गुरू जागच्या जागी, आणि आता जवानी, मनमानी, सुलतानी सगळे काफिये कायदेशीर. दुष्काळाच्या मुलखात अस्मानीबरोबर सुलतानी येणारच. प्रमाण मराठीच्या मतल्याने तिला बाहेर ठेवलं होतं. सध्या हीच गझल वऱ्हाडीत पुन्हा लिहितो आहे, आणि तिसरा शेर सुलतानीचा आहे.