किंकाळ्यांच्या गदारोळात वाजणारे बीटल्स

बीटल्स आवडत असतील तर रॉन हॉवर्ड यांचा ‘एट डेज अ वीक: द टूरिंग इयर्स’ हा २०१६चा माहितीपट बघाच. १९६६पर्यंतच्या त्यांच्या दौऱ्यांची ही गोष्ट आहे.

१५ ऑगस्ट १९६५ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर ५५ हजारांहून जास्त लोक जमले होते. आवाज पोचवायला होते मैदानावर घोषणा करायचे लाउडस्पीकर! कलाकारांना स्वतःचं वाजवणं ऐकू यावं म्हणून आज स्टेजवर मॉनिटर असतात, तेही नव्हते. किंकाळ्यांत काहीच ऐकू येईना, म्हणून रिंगो पुढच्या तिघांच्या हलत्या माना आणि पाय बघून ड्रम वाजवायचा. आणि तरी ताल सुटत नाही! मला तर हे अचाट वाटतं.

माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग जॅक्सनव्हिलचा. १९६४मध्ये फ्लोरिडातल्या या शहरात काळ्या-गोऱ्या प्रेक्षकांना वेगळं बसवणार असाल तर आम्ही वाजवणार नाही, असं या पोरांनी ठणकावलं. शेवटी सगळे एकत्र बसले.

२९ ऑगस्ट १९६६च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या कार्यक्रमानंतर त्यांनी दौरे कायमचे थांबवले.

जुनं ध्वनिमुद्रण जाइल्स मार्टिन यांनी सुरेख साफ केलंय. चांगले हेडफोन लावूनच बघा.