बोथट सुरीच बोट कापते

भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर बोदवड नावाचे स्टेशन लागते. जळगाव जिल्ह्याच्या पूर्व भागातले हे तालुक्याचे गाव. इथून थोडे पुढे गेले की खानदेश संपतो आणि मलकापूरपासून वऱ्हाड सुरू होतो. बोदवड हे माझे आजोळ. तिथल्या एका दिवाळीच्या सुटीतला हा प्रसंग आहे.

घरात मोठे गंगाफळ आणले होते. पुण्या-मुंबईचे वाचक त्याला लाल भोपळा म्हणतील. ते चिरायचे काम माझ्या मावसबहिणीकडे आले. ती तेव्हा सातवीत होती. आजीच्या घरात सुरी होती, पण तिला धार लावू द्यायची नाही असा आजीचा नियम होता. "घरात लेकरं आहेत, धार कशाला?" असे तिचे म्हणणे. बहिणीने सुरी सालीवर ठेवून दाबली, साल ढिम्म हलली नाही. मग ती अर्धवट उठली आणि अंगाचा सगळा भार सुरीवर टाकला. सुरी गुळगुळीत सालीवरून घसरली आणि डाव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी घुसली. तीन टाके पडले. टाके घालता घालता डॉक्टरांनी विचारले, "सुरी बोथट होती ना?" आम्ही सगळे एकमेकांकडे पाहू लागलो. सुरी न पाहताच यांना कसे कळले?

बालमित्रांनो, याचे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. आपण थोडे गणित करून पाहू. सुरीचा 5 सेंटिमीटर लांबीचा भाग गंगाफळावर टेकला आहे आणि आपण 1 किलो वजनाइतका जोर देत आहोत, असे समजा. बोथट सुरीची कड 0.1 मिलिमीटर रुंद धरली तर टेकलेले क्षेत्रफळ 0.05 चौरस सेंटिमीटर होते आणि दाब पडतो दर चौरस सेंटिमीटरला 20 किलो. आता कड घासून 0.002 मिलिमीटर केली. क्षेत्रफळ झाले 0.001 चौरस सेंटिमीटर, आणि दाब झाला 1000 किलो! हात तोच, जोर तोच, पण दाब पन्नास पट.

हेच उलट बाजूने पाहा. धारदार सुरीने जे काम 1 किलो जोराने होते, तेच काम बोथट सुरीने करायचे तर कितीतरी जास्त जोर लावावा लागतो. एवढा जोर लावलेला हात ऐन वेळी थांबवता येत नाही. साल फाटली किंवा सुरी घसरली की तो सगळा जोर मोकळा होतो आणि सुरी वाट फुटेल तिकडे धावते. बहिणीच्या बाबतीत हेच झाले. गंगाफळ कापायला जी सुरी बोथट होती, ती मऊ बोटासाठी पुरेशी धारदार होती! धारदार सुरी निष्काळजी माणसाला कापणार नाही असे मात्र समजू नका. ती हलक्या हाताने चालते, म्हणून ताब्यात राहते, एवढाच तिचा गुण.

सुरी बोथट झाली आहे हे ओळखायचे कसे? पुष्कळ लोक अंगठा फिरवून पाहतात. ते करू नका. सुरीची धार वर करून दिव्याखाली धरा आणि वरून पाहा. बोथट भागावर उजेडाची चकाकती रेघ दिसते. खरी धार इतकी अरुंद असते की तिच्यावरून परावर्तित झालेला प्रकाश डोळ्यांना जाणवतच नाही. दुसरी परीक्षा वर्तमानपत्राच्या कागदाची. कागद एका हाताने लोंबता धरून वरच्या कडेवर सुरी ओढावी. तो सरळ कापला जावा. फाटला किंवा दुमडला तर सुरीला धार लावायची वेळ झाली.

आता एक प्रयोग करा, पण घरातल्या मोठ्या माणसाला जवळ बसवून. एका पिकलेल्या टोमॅटोवर सुरी ठेवून नुसती खाली दाबा. टोमॅटो चेपतो, साल आत जाते आणि मग एकदम रस उडतो. दुसऱ्या टोमॅटोवर तीच सुरी हलकेच टेकवून स्वतःकडे ओढा. साल लगेच चिरली जाते. असे का व्हावे? याचे एक कारण घाटाच्या रस्त्यात सापडते. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना गाडी डोंगरावर सरळ चढत नाही, तिरकी तिरकी जाते. त्यामुळे चढ कमी होतो. सुरी म्हणजे एक पाचर आहे. ती सरळ खाली घुसवली तर पाचरेचा पुरा कोन भाजीला फाकवतो. ती ओढत ओढत खाली नेली तर भाजीला तीच पाचर तिरपी भेटते आणि जणू अधिक निमुळती होते. शिवाय धारेवर सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतील असे बारीक दाते असतात. सुरी ओढली की ते करवतीसारखे काम करतात.

ही युक्ती आपल्याकडच्या विळीत आधीच घालून ठेवलेली आहे. वऱ्हाडात तिला पावशी म्हणतात. विळीचे पाते सरळ नसते, बाक दिलेले असते. तुम्ही भाजी समोर ढकलता, तेव्हा ती पात्यावर नुसती दाबली जात नाही, बाकावरून सरकतही जाते. दाबणे आणि ओढणे दोन्ही आपोआप होते. पाट पायाने दाबलेला असतो, पाते जागचे हलत नाही आणि दोन्ही हात भाजी धरायला मोकळे राहतात. जोर अंगापासून दूर, समोर लावायचा असतो. गंगाफळासारखी वाटोळी, टणक वस्तू फोडायला मला तरी विळीच बरी वाटते. कांदा बारीक चिरायला मात्र सुरी आणि लाकडी पाट सोयीचे. विळीचा एक मोठा दोष असा की काम झाल्यावरही तिचे पाते उभेच राहते. रांगते मूल घरात असेल तर ती आडवी करून किंवा मिटवून ठेवल्याशिवाय जागेवरून उठू नये.

पाते कशाचे असावे हा प्रश्न खानदेशात फार जुना आहे. तापीकाठच्या प्रकाशे येथे 1955 साली बी. के. थापर यांनी उत्खनन केले. (प्रकाशे तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते, 1998 पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे.) तिथल्या ताम्रपाषाण युगातल्या लोकांची दगडी पाती सापडली. तांबे त्यांना ठाऊक होते, पण ते दुर्मिळ होते. चिरण्याकापण्याचे बरेचसे काम ते कॅल्सेडोनीसारख्या गारगोटीच्या जातीच्या दगडाच्या पात्यांनी करत. अशी धार अतिशय तीक्ष्ण असते, पण पाते जरा वाकवले की मोडते. म्हणजे पात्याला दोन गुण हवेत: कठीणपणा आणि चिवटपणा. आणि गंमत अशी की एक वाढवायला जावे तर दुसरा कमी होतो!

ही तडजोड पोलादात चांगली जमते. लोखंडात कार्बन 0.1 ते 0.2 टक्के असेल तर ते मऊ राहते. त्याची धार टिकत नाही. 2 टक्क्यांच्या वर गेला की ते बीड होते. बिडाचा तवा हातातून पडला की फुटतो, हे तुम्ही पाहिले असेल. सुरीचे पोलाद या दोहोंच्या मधले, बहुधा अर्धा ते एक टक्का कार्बनचे. गावोगाव फिरणारे घिसाडी विळे आणि खुरपी घडवायला ट्रकच्या कमानीचा जुना पाटा वापरतात. त्यात सुमारे अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त कार्बन असतो. रसायनशाळेत न जाता त्यांनी हे नेमके पोलाद हेरले, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

पाते घडवून झाले की ते भट्टीत लाल करून एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवतात. याला पाणी देणे म्हणतात. पोलाद 770 अंश सेल्सिअसच्या वर तापले की त्याला लोहचुंबक चिकटत नाही. त्याहून थोडे अधिक तापवून ते झटकन निववले, तर आतल्या कार्बनच्या अणूंना बाहेर सरकायला वेळ मिळत नाही. ते लोखंडाच्या अणूंच्या मांडणीत अडकून पडतात आणि मांडणी ताणली जाते. हे झाले कठीण पोलाद. जर्मन शास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून त्याला मार्टेन्साइट म्हणतात. पण आता ते काचेसारखे ठिसूळ असते. म्हणून ते पुन्हा हलके तापवायचे. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर रंग चढू लागतात: 230 अंशांच्या आसपास गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि 300 अंशांच्या सुमारास निळा. हे रंग म्हणजे ऑक्साइडच्या अतिशय पातळ थराची करामत. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात, तसेच. पिवळ्यावर थांबले तर धार कठीण राहते, निळ्यापर्यंत गेले तर पाते चिवट पण मऊ होते.

हा निळा रंग आणखी एका ठिकाणी लक्षात ठेवा. सायकलवर चाक घेऊन येणाऱ्या धारवाल्याकडे सुरी दिली आणि ठिणग्या उडता उडता धारेवर निळा डाग पडला, तर तिथले पाणी उतरले म्हणून समजा. पाते मधूनमधून पाण्यात बुडवायला त्याला नम्रपणे सांगावे.

बाजारात मात्र बहुतेक सुऱ्या स्टेनलेस स्टीलच्या मिळतात. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्ली यांनी 1913 साली सुमारे 13 टक्के क्रोमियम घालून असे पोलाद केले. क्रोमियमच्या ऑक्साइडचा अदृश्य थर गंज येऊ देत नाही. साध्या लोखंडी विळीवर वांगी किंवा कैरी चिरली की काप काळे पडतात, कारण त्यांतल्या टॅनिनसारख्या द्रव्यांचा लोखंडाशी संयोग होतो. भरताच्या प्रदेशात वांग्याचे महत्त्व काय सांगावे! स्टेनलेस पात्याने हा काळेपणा टळतो. पण सगळे स्टेनलेस सारखे नसते. ताट-वाट्यांचे नेहमीचे स्टील 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेलचे असते. ते पाणी देऊन कठीण होत नाही आणि त्याला लोहचुंबक जवळजवळ चिकटत नाही. म्हणून सुरी घ्यायला जाताना खिशात लहानसा चुंबक ठेवा. पात्याला तो चिकटला नाही, तर ती बहुधा ताटाच्या पत्र्याची सुरी आहे, घेऊ नका. चिकटला म्हणजे पाते उत्तम, असे मात्र नाही. मऊ लोखंडालाही तो चिकटतोच. पाते मुठीत शेवटपर्यंत गेले आहे का, मूठ ओल्या हातातून निसटत नाही ना, हेही पाहावे. किमतीवर जाऊ नये. नीट घासलेली स्वस्त सुरी न घासलेल्या महाग सुरीपेक्षा बरी.

आता धार लावणे. आमची आजी विळी पायरीच्या काळ्या दगडावर घासत असे आणि तिला धार येई. मोठ्या मामांनी स्टीलची सुरी त्याच पायरीवर अर्धा तास घासली, काही झाले नाही. पायरीचा दगड बेसाल्ट. त्यातल्या खनिजांचा कठीणपणा मोहच्या मापावर 5 ते 6. जुन्या लोखंडी विळीचे पाते त्याहून मऊ, म्हणून ते झिजे. पाणी दिलेले पोलाद जवळजवळ दगडाइतकेच कठीण, मग कोण कोणाला झिजवणार? त्यासाठी कार्बोरंडमचा दगड हवा. अमेरिकेच्या एडवर्ड अ‍ॅचेसन यांना 1891 साली विजेच्या भट्टीत मिळालेला हा पदार्थ म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. त्याचा कठीणपणा 9 च्या वर आहे.

दगड ओला करावा. त्याखाली ओले फडके घातले तर तो सरकत नाही. पाते दगडावर आडवे ठेवून त्याची पाठ उचलायची. किती? पाते 3 सेंटिमीटर रुंद असेल तर 1 सेंटिमीटर. म्हणजे सुमारे 20 अंशांचा कोन होतो, घरच्या सुरीला तो पुरे. (कोन कसा आला, ते नववी-दहावीच्या वाचकांनी काढून पाहावे.) हाच कोन राखत पाते दगडावरून फिरवायचे. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूला धातूची वळलेली बारीक कड लागते. ती लागली की बाजू बदलायची आणि शेवटी हलक्या हाताने एकेक वेळ फिरवून ती कड काढून टाकायची. दगड नसेल तर चिनीमातीच्या कपाचे बूड पाहा. तिथे चकाकी न दिलेले खरखरीत कडे असते. त्यावर रोजच्या रोज सुरी फिरवली तरी धार जिवंत राहते. हे काम लहान मुलांनी एकट्याने करू नये.

धार टिकवायची तर स्टीलच्या ताटात किंवा ओट्याच्या दगडावर चिरणे सोडावे. लाकूड पात्यापुढे नमते, दगड नमत नाही. भाजी धरलेल्या हाताची बोटे आत वळवावीत. सुरी हातातून सुटली तर ती पकडायला जाऊ नये. पाय मागे घ्यावा आणि तिला पडू द्यावे.

कांद्याचे मात्र सांगायचे राहिलेच. कांद्याच्या पेशी फुटल्या की त्यातला एक रासायनिक पदार्थ डोळ्यांत जाऊन पाणी काढतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने कांदा चिरण्याचे चित्रण केले आणि त्याचे निष्कर्ष 2025 साली प्रसिद्ध झाले. बोथट पात्याखाली कांद्याचा पापुद्रा आधी वाकतो, आत दाब साठतो आणि मग रसाचे थेंब जोराने वर उडतात. धारदार पात्याने सावकाश चिरले तर थेंब कमी उडतात.

बोदवडच्या घरी त्या दिवाळीत गंगाफळ दुसऱ्या दिवशी फुटले, तेही विळीवर, आजीच्या हातून. सुरी मामांनी कार्बोरंडमचा दगड आणून घासली. आजीने ती पुढे आठ दिवस फळीवर उंच ठेवली. नवव्या दिवशी कांद्याची पात बारीक चिरायला तिला तीच काढून घ्यावी लागली. चिरून झाल्यावर तिने सुरी धुऊन पुसली आणि बहिणीला हाक मारून विचारले, "कपाच्या बुडावर कशी फिरवायची म्हणालीस?"